सर्वांना खुले ग्रंथालय

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशावर चालणारे पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, त्याचप्रमाणे शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांना वापरू द्यावेत, असे त्यात म्हटले होते. पुढच्याच वर्षी कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील महाडच्या नगरपालिकेने या ठरावाला अनुसरून आपले चवदार तळे सर्वांना खुले केले. कागदोपत्री प्रश्न मिटला होता. पण प्रत्यक्षात २० मार्च १९२७ उजाडेपर्यंत दलितांना त्या तळ्यावर जाता आले नाही. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो सत्याग्रहींना घेऊन तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर परतणाऱ्यांवर हल्ले झाले, पंचगव्याच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले, आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुढे तळे खासगी आहे असा दिवाणी दावा उभा राहिला आणि तो मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी निकाली निघाला. जो हक्क १९२४ मध्ये लेखी मिळाला, तो टिकवायला तेरा वर्षे लागली.

आज अलिबागपासून महाडपर्यंत कोणत्याही महाविद्यालयाच्या ग्रंथालयाची नियमावली उघडली, तर ग्रंथालय सर्व विद्यार्थ्यांना खुले असल्याचे वाक्य मिळेल. विद्यापीठ अनुदान आयोगाचे समतेविषयीचे विनियम २०१२ पासून आहेत. दारात कोणी कोणाची जात विचारत नाही, आणि म्हणून ग्रंथालय हा भेदभावाच्या प्रश्नातून सुटलेला विभाग आहे, असे संस्थाचालक, प्राध्यापक आणि खुद्द ग्रंथपालही मनापासून मानतात. माझे म्हणणे असे की, हा विश्वास महाडच्या १९२४ च्या ठरावावर विसंबून राहण्यासारखा आहे. विद्याकेंद्राच्या ग्रंथालयातला भेद खरेदीच्या यादीत, तालिकेतल्या विषयशीर्षकात, अनामत रकमेच्या नियमात आणि कोणाचे कागद जपायचे या निर्णयात मुरलेला असतो. तो तिथून काढणे हे चळवळीतल्या कार्यकर्त्यांचे जादा काम नव्हे. पुस्तक घेणे, नोंदवणे, मांडणे आणि देणे या ग्रंथपालाच्या रोजच्या कामातूनच ते व्हायला हवे.

अमेरिकेतल्या विद्यापीठीय ग्रंथालयांत वंशवादाविरुद्ध असे काम चालते, पण त्याचा आपल्याशी संबंध काय, जात म्हणजे काही वंश नव्हे, असा आक्षेप इथे लगेच येतो. त्यातला अर्धा भाग बरोबर आहे आणि तो सर्वांत ठामपणे बाबासाहेबांनीच सांगितला आहे. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मोजमापावरून जातींची वांशिक उतरंड रचली. अशाच मोजमापांचे आकडे हाती घेऊन बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात दाखवून दिले की अस्पृश्य आणि ब्राह्मण यांचा वंश वेगळा ठरत नाही. परंतु उत्पत्ती वेगळी असली तरी जन्मावरून माणसाची पायरी ठरवण्याची रीत दोन्हीकडे तीच आहे, हे महाराष्ट्राने फार आधी ओळखले होते. अमेरिकेत गुलामगिरी संपवण्यासाठी झटणाऱ्या लोकांना जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवलेल्या निग्रो काँग्रेसच्या निवेदनाची प्रत मागितली आणि त्यांना उत्तरही आले. हा पत्रव्यवहार आज आपण वाचू शकतो, कारण मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील ग्रंथालयाने ड्यू बॉइस यांचे कागद जपले, नोंदवले आणि सर्वांना खुले केले. उलट दिशेनेही वाट आहे. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला, सिएटल शहराने २०२३ मध्ये जातीय भेदभावाला कायद्याने मनाई केली. समुद्रापलीकडे गेलेल्या भारतीय कुटुंबांबरोबर जातही गेली, म्हणूनच ही गरज पडली.

शिवाय रायगडच्या किनाऱ्याला वंशाचा प्रश्न परका नाही. मुरूडसमोरच्या जंजिऱ्यावर आफ्रिकी वंशाच्या सिद्दींचे राज्य १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत टिकले. हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि १६१० मध्ये त्याने खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवले. तरीही इथल्या महाविद्यालयातला विद्यार्थी ‘सिद्दी’ शोधू लागला, तर त्याच्या हाती बहुधा मराठ्यांचा शत्रू एवढाच सिद्दी लागतो. तो शत्रू होता हे खरेच आहे, आणि किनाऱ्यावरच्या रयतेने त्याचे जुलूम सोसले हेही खरे. पण आफ्रिकेतून माणसे इथे कशी आणली गेली, त्यांतली मूठभर सत्तेवर कशी चढली, इतरांचे काय झाले, हे सांगणारी पुस्तके कपाटात नसली, की काळ्या माणसाची प्रतिमा कादंबरीतल्या क्रूर हबशावर येऊन थांबते. न्यूयॉर्कच्या शॉमबर्ग केंद्राने, म्हणजे एका संशोधन ग्रंथालयानेच, २०१३ मध्ये भारतातील आफ्रिकी लोकांच्या इतिहासाचे प्रदर्शन भरवले. शांती सादिक अली यांचे दख्खनमधील आफ्रिकी लोकांवरचे पुस्तक १९९६ पासून उपलब्ध आहे, रिचर्ड ईटन यांनी २००५ च्या आपल्या ग्रंथात मलिक अंबरावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. ही सामग्री मुरूडच्या परिसरातल्या विद्यार्थ्याला मिळत नसेल, तर त्याच्याच गावाचा इतिहास त्याच्यापासून दूर राहिला. २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले. अशा जमावाच्या मनातला आफ्रिकी माणूस आकाशातून पडत नाही. तो अर्धवट वाचनातून आणि न झालेल्या वाचनातून तयार होतो.

याच किनाऱ्यावरच्या बेने इस्राएल समाजाची गोष्ट तर दोन्ही बाजूंनी शिकवणारी आहे. नवगाव, अलिबाग, रेवदंडा या भागात तेलाचे घाणे चालवणारे, मराठी बोलणारे हे ज्यू लोक शनिवारी काम बंद ठेवत म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात. त्यांच्यातही गोरा आणि काळा इस्राएल असा भेद होता आणि या दोन गटांत बेटीव्यवहार होत नसे. पुढे इस्राएलला गेल्यावर त्यांच्याच ज्यूपणाबद्दल तिथल्या धर्मपीठाने शंका घेतली, विवाहांना अडथळे आणले, आणि १९६४ पर्यंत त्यांना त्याविरुद्ध झगडावे लागले. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला या समाजाचा इतिहास छापून निघायला १९३७ साल उजाडले, आणि तोही तेल अवीवमध्ये. भेद करणारा आणि भेद सोसणारा अशी माणसांची कायमची वाटणी नसते, हे समजायला रायगडच्या वाचकाला परदेशी उदाहरण लागू नये.

आता तालिकेकडे वळू. आपल्या बहुतेक महाविद्यालयांत पुस्तकांना मेल्विल ड्यूईच्या १८७६ च्या दशांश पद्धतीचे वर्गांक लागतात. त्या पद्धतीत धर्मासाठी ठेवलेल्या २०० ते २९९ या अंकांपैकी मोठा पट्टा ख्रिस्ती धर्माने व्यापला आहे. हिंदू, बौद्ध, इस्लाम यांसह जगातले बाकी सारे धर्म २९० च्या घरात दाटीने बसवले आहेत. ड्यूई स्वतः ज्यूंना आणि काळ्या लोकांना प्रवेश नाकारणारा क्लब चालवीत. त्यावरून तक्रार झाल्यावर त्यांना न्यूयॉर्कच्या राज्य ग्रंथपालाचे पद सोडावे लागले, आणि २०१९ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघटनेने आपल्या एका मानाच्या पदकावरून त्यांचे नाव काढले. पदकाच्या नावापेक्षा मला हॉवर्ड विद्यापीठाच्या डोरोथी पोर्टर यांचे काम महत्त्वाचे वाटते. १९३० पासून त्या तिथे काम करीत होत्या. त्यांच्या लक्षात आले की इतर ग्रंथालयांत काळ्या लेखकांची पुस्तके, मग त्या कविता असोत की आणखी काही, वसाहत किंवा गुलामगिरी या दोन अंकांखाली, म्हणजे ३२५ आणि ३२६ मध्ये ठेवली जातात. त्यांनी ती उचलून कवितेत कविता, इतिहासात इतिहास, संगीतात संगीत अशी मांडली. सभा नाही, घोषणा नाही, नुसते वर्गांक बदलले, आणि एका समाजाचे सगळे ज्ञान एका जखमेपुरते उरवण्याची रीत त्या ग्रंथालयापुरती मोडली.

आपल्याकडे हे कसे घडते ते एका पुस्तकावरून पाहता येईल. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले. त्याला मराठी साहित्याचा ८९१.४६ हा अंक द्यावा, चरित्रांच्या ९२० मध्ये घालावे, की समाजगटांच्या ३०५ मध्ये? तिन्ही जागांच्या बाजूने बोलता येते. पण एखाद्या ग्रंथालयात ब्राह्मण लेखकाचे आत्मचरित्र साहित्याच्या कपाटात आणि दलित लेखकाचे समाजशास्त्राच्या कपाटात जात असेल, तर एकाला लेखक मानले आणि दुसऱ्याला साक्षीदार, असाच त्याचा अर्थ होतो. मराठीच्या विद्यार्थिनीला आत्मकथनांच्या रांगेत लक्ष्मीबाई टिळकांजवळ बेबीताई कांबळे दिसणार नाहीत, आणि त्या दोघींच्या गद्याची तुलना करावी असे तिला सुचणारही नाही. कपाटात पुस्तकाला जागा एकच असते, तालिकेत मात्र हवी तेवढी विषयशीर्षके देता येतात. कोहा असो की सोल, आज वापरात असलेल्या संगणक प्रणालींत हे काम एका पुस्तकामागे काही मिनिटांचे आहे. ‘बलुतं’ची नोंद आत्मकथन, मराठी गद्य, दलित साहित्य, स्थलांतर, मुंबईतील कामगार वस्ती अशा पाच वाटांनी सापडली, तर त्याला नवे वाचक मिळतील. जी शीर्षके बाहेरून तयार होऊन येतात त्यांच्याकडेही डोळसपणे पाहायला हवे. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या यादीत ‘अनटचेबल्स’ हे शीर्षक होते, त्या जागी आता ‘दलित’ आले आहे. त्याच यादीतले ‘बेकायदा परके’ या अर्थाचे शीर्षक बदलावे म्हणून डार्टमथ महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये मागणी केली आणि २०२१ मध्ये ते बदलले. सात वर्षे लागली, पण सुरुवात एका महाविद्यालयाच्या वाचनकक्षातून झाली.

मग जुन्या पुस्तकांचे काय करायचे? १८८३ मध्ये निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अकरावा खंड कुलाबा आणि जंजिऱ्याविषयी आहे. या भागावर काम करणारा एकही संशोधक त्याच्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. बंदरे, मिठागरे, खारजमिनी, बाजारभाव, शेतसारा अशी त्यातली माहिती मोलाची आहे. पण लोकवस्तीच्या प्रकरणात एकेका जातीचा रंग, घर, अन्न सांगून झाले की तिचा ‘स्वभाव’ही सांगितला जातो. अमुक काटकसरी, तमुक अस्वच्छ, कोणी कष्टाळू, कोणी व्यसनी. साहेबाच्या हाताखालच्या अंमलदारांनी आणि त्यांना माहिती पुरवणाऱ्या वरच्या जातींच्या कारकुनांनी हजारो माणसांचा निवाडा एका ओळीत केला, आणि ती ओळ पुढच्या पुस्तकांत, प्रबंधांत, स्पर्धापरीक्षांच्या टिपणांत उतरत राहिली. खैराचा कात काढण्यावरून ज्यांना नाव मिळाले ते कातकरी आज महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक आहेत. वीटभट्टीवर नाहीतर कोळसा पाडायला कुटुंबासह गाव सोडणाऱ्या घरातला मुलगा महाविद्यालयापर्यंत पोहोचला आणि आपल्या जमातीविषयी त्याला पहिल्यांदा वाचायला मिळाला तो हा निवाडा, तर ग्रंथालयाने त्याला काय दिले?

यावर हे पुस्तक काढून टाका, असे कोणी म्हटले तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन. त्याचे सर्वांत जवळचे कारण महाडमध्येच आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या परिषदेत गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या आणि पां. ना. राजभोज यांनी दुजोरा दिलेल्या ठरावानुसार मनुस्मृती जाळण्यात आली. ग्रंथाविषयी ग्रंथपालांनी या प्रसंगातून काय घ्यायचे, हा अवघड प्रश्न आहे आणि तो टाळून चालणार नाही. ते दहन म्हणजे विषमतेची धर्मसत्ता आम्ही मानत नाही, हे जाहीरपणे सांगण्याची राजकीय कृती होती. बाबासाहेबांनी तिची तुलना परदेशी कापडाच्या होळीशी केली होती. पण ज्यांनी ती जाळली त्यांनीच मनुस्मृतीचा जेवढा बारकाईने अभ्यास केला तेवढा तिची पूजा करणाऱ्यांतही थोड्यांनी केला असेल. शूद्र आणि अस्पृश्य यांच्यावरच्या बाबासाहेबांच्या ग्रंथांत तिची वचने आधारासाठी ठायी ठायी येतात. त्यांनी ती वाचली नसती तर जाळण्याला अर्थ उरला नसता. चौकातली कृती आणि अभ्यासिकेतली कृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ग्रंथालयाने अभ्यासिकेशी इमान राखले पाहिजे. मनुस्मृती कपाटात राहील, गॅझेटियरही राहील. पण एकटे राहणार नाहीत. मनुस्मृतीशेजारी फुले, आंबेडकर आणि धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे पां. वा. काणे असतील. गॅझेटियरच्या नोंदीत, हा ग्रंथ कोणी, कोणासाठी, कोणत्या पद्धतीने लिहिला आणि त्यातली समाजवर्णने आज का स्वीकारली जात नाहीत, हे सांगणारी चार ओळींची टीप असेल, आणि तिच्याखाली कातकऱ्यांवरच्या नंतरच्या अभ्यासांची नावे असतील.

अशी टीप लिहिणे म्हणजे बाजू घेणे, आणि ग्रंथपालाने तटस्थ राहावे, हा दुसरा आणि अधिक वजनदार आक्षेप. त्याला महाराष्ट्रातच आधार आहे. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला आणि एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकाच्या रागापायी तिथल्या ग्रंथांची आणि हस्तलिखितांची नासधूस झाली. ग्रंथालये वादात ओढली की ग्रंथांचाच बळी जातो, ही भीती त्या दिवसाने खरी ठरवली. ती मी हलकी मानत नाही. पण जमावाला हवे असते ते पुस्तक नाहीसे करणे, आणि मी मांडतो आहे ते पुस्तकाला पुस्तक जोडणे. तटस्थतेचे म्हणाल, तर ती तरी कुठे होती? महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून बाबासाहेबांचे समग्र लेखन काढायला घेतले. त्यातल्या चौथ्या खंडात ‘रिडल्स इन हिंदुइझम’ १९८७ मध्ये आले, तेव्हा राम-कृष्णांवरच्या परिशिष्टावरून राज्यभर वादळ उठले. ते वगळा म्हणणारे मोर्चे निघाले आणि वगळू नका म्हणणारा दलितांचा प्रचंड मोर्चाही मुंबईत निघाला. अखेर मजकूर राहिला, आणि शासन या मतांशी सहमत नाही अशी टीप त्याला जोडली गेली. म्हणजे टिपेची प्रथा आपल्याकडे आहे. ती दबलेल्या माणसाच्या टीकेला लागते आणि दबवणाऱ्याच्या वर्णनाला लागत नाही, हे एकदा दिसले की तटस्थतेचा युक्तिवाद उरत नाही. शिवाय शेकडो पुस्तकांतून वर्षाला मोजकी निवडणारा माणूस दर निवडीत काही मताने वागतच असतो. ते मत उघड असावे आणि त्याची कारणे विचारता यावीत, एवढाच पर्याय प्रामाणिक आहे.

निवडीची गोष्ट निघाली आहे तर खरेदी कशी होते तेही पाहू. महाविद्यालये ठरलेल्या पुरवठादारांकडून दरपत्रके मागवतात, सवलतीची टक्केवारी पाहतात आणि क्रमिक पुस्तके, मार्गदर्शिका, स्पर्धापरीक्षांचे संच घेतात. मूल्यांकनासाठी पुस्तकांची संख्या दाखवायची असते, त्यामुळे स्वस्त प्रती बऱ्या पडतात. दुसरीकडे ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीजवळ आणि विजयादशमीच्या सुमारास नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांचे शेकडो ठेले लागतात. लहान प्रकाशकांच्या पुस्तिका, स्थानिक चळवळींच्या आठवणी, भाषणे, जलशांतली गाणी, असे साहित्य लोक पिशव्या भरभरून विकत नेतात. मराठीत यापेक्षा मोठी वाचकांची जत्रा क्वचितच भरत असेल. पण यातले बरेच प्रकाशक पुरवठादारांच्या यादीत नसतात, कित्येक पुस्तिकांवर मानक क्रमांक नसतो, आणि म्हणून ती पुस्तके महाविद्यालयाच्या दाखल नोंदवहीत येत नाहीत. कोणी मनाई केली नाही तरी वगळणे पूर्ण होते. खरेदीच्या रकमेतला लहानसा वाटा थेट प्रकाशकाकडून घेण्यासाठी राखून ठेवण्याचा ठराव ग्रंथालय समितीने केला, तर हे बदलते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’, महाड परिषदेच्या उभारणीत पुढे असलेले दासगावचे रा. बा. मोरे यांच्या आठवणी, आनंद तेलतुंबडे यांचा महाडवरचा २०१६ चा ग्रंथ, यांची रायगडमध्ये मागणी नाही असे म्हणण्याआधी ती पुस्तके समोरच्या मांडणीत वर्षभर ठेवून पाहावीत.

तंत्रशिक्षणाच्या ग्रंथालयाला या सगळ्याशी काय देणेघेणे, असेही विचारले जाते. लोणेऱ्याला १९८९ मध्ये स्थापन झालेले तंत्रशास्त्र विद्यापीठ बाबासाहेबांच्या नावाचे आहे, पण उत्तर नावात नाही, विषयात आहे. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक एका टक्क्याच्या आत राहिली, सावळ्या आणि काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४ टक्क्यांच्या वर गेली. अशा प्रणाली पारखण्यासाठी वापरले जाणारे चेहरे बहुतेक गोरे होते. गटार साफ करायला धोकादायक रीतीने माणूस उतरवण्याला २०१३ च्या कायद्याने बंदी घातली, तरी मृत्यू थांबत नाहीत, आणि उतरणारा माणूस कोणत्या जातीचा असतो हे सर्वांना माहीत आहे. हा स्थापत्य, यंत्र आणि संगणक या तिन्ही शाखांच्या अभ्यासाचा विषय आहे. प्रकल्पासाठी संदर्भ शोधणाऱ्या विद्यार्थ्याला ग्रंथपालाने यंत्राच्या आराखड्याबरोबर ही सामग्रीही काढून दिली, तर तो अभियंता म्हणून अधिक चांगला घडतो.

पैशाच्या नियमांबद्दल थोडक्यात. ग्रंथालयाची अनामत, उशिराचा दंड, ना-देय दाखल्याशिवाय परीक्षेचा अर्ज न घेणे, हे नियम सर्वांना सारखे असतात आणि सर्वांवर सारखे पडत नाहीत. शिष्यवृत्तीची रक्कम वर्ष उलटून गेल्यावर येते. हंगामात आईबापांबरोबर भट्टीवर गेलेला मुलगा पुस्तक वेळेवर परत करू शकत नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी पुस्तकपेढी आहे, ती चांगलीच आहे. पण तिची पुस्तके वेगळ्या शिक्क्याची, वेगळ्या नोंदवहीत, वेगळ्या खिडकीवर दिली गेली, आणि लाभार्थींची यादी जातीच्या रकान्यासह फलकावर लागली, तर मदत घेणारा रांगेतून निघून जातो. पुस्तक द्यावे, शिक्का आतल्या पानावर असावा, यादी कार्यालयातच राहावी. इतके साधे आहे.

शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत मोठा भाग कागद जपण्याचा. बाबासाहेबांचे चरित्र अनेक खंडांत लिहिणारे चां. भ. खैरमोडे यांनी आयुष्यभर कात्रणे, पत्रे आणि आठवणी गोळा केल्या. वसंत मून यांनी ठिकठिकाणी विखुरलेल्या हस्तलिखितांचा माग काढला. कोणत्याही विद्यापीठाने आधी हे काम अंगावर घेतलेले नव्हते. महाड खटल्यात उच्च न्यायालयाने दलितांच्या बाजूने निकाल दिला तो वादींना आपली अनादी वहिवाट सिद्ध करता आली नाही म्हणून. पुराव्याचे मोल यापेक्षा स्पष्ट काय सांगणार? अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा संप केला, त्या खारेपाटातल्या आगरी घरांत त्या काळची पत्रके, पावत्या, फोटो अजून असतील. जलशांच्या गाण्यांच्या वह्या असतील. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाड शहर पाण्याखाली गेले, तेव्हा अनेक घरांतले ट्रंकांमधले कागद लगदा होऊन गेले असणार. त्यांची गणती कोणाकडेच नाही, कारण ते कधी नोंदवलेच गेले नव्हते. महाविद्यालयाने मूळ कागद ताब्यात घेण्याची गरज नसते. घरी जाऊन त्यांची प्रतिमा घेणे, मालकाच्या नावाने नोंद करणे आणि प्रत दोन ठिकाणी ठेवणे एवढे पुरते, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना याहून चांगला प्रकल्प मिळणार नाही.

ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांच्याबाबत काळजी अधिक घ्यावी लागते. कातकऱ्यांचे जंगलाचे ज्ञान, गाणी, स्थलांतराच्या आठवणी बोलण्यातच आहेत. भ्रमणध्वनीवर ते ध्वनिमुद्रित करणे सोपे झाले आहे, आणि म्हणूनच माणसांना न विचारता ते उचलून नेणेही सोपे झाले आहे. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू लोकांबरोबर काम करताना ‘मुकुर्तू’ ही प्रणाली तयार झाली. कोणती सामग्री कोणी पाहायची हे त्यात समाज स्वतः ठरवतो. पेण किंवा कर्जत तालुक्यातल्या एखाद्या वाडीसाठी एवढी यंत्रणाही लागणार नाही, एक लेखी करार पुरेल: ध्वनिमुद्रणाची एक प्रत वाडीत राहील, बाहेर काय ऐकवायचे ते वाडी सांगेल, आणि ग्रंथालयाच्या तालिकेत लेखकाच्या रकान्यात ध्वनिमुद्रण करणाऱ्या प्राध्यापकाचे नाव न येता सांगणाऱ्या बाईचे नाव येईल.